मुद्दा क्रमांक सात

निवडून आले म्हणजे काय,
तर हात वर करायची वेळ आली तेव्हा मी खोलीत नव्हते.
नऊ नंबर वॉर्डात एका आजोबांचं पोटॅशियम चढलं होतं.
परतले तर सगळे टाळ्या वाजवत होते,
आणि ब्रॉनविनने माझ्यासाठी अर्धं सँडविच राखून ठेवलं होतं,
लाच म्हणून.

तेव्हापासून फोन माझा राहिला नाही.
रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी टेमी लिहितो:
ऑगस्टचा रोटा जुलैच्या तेवीसला हातात पडला,
पाचला लग्न आहे.
माझंच.
इद्रीस लिहितो, नाइट संपवून घरी जाताना
पुलावर डोळा लागला.
गाडी शाबूत आहे, मीही.
कुणाला सांगू नकोस. म्हणजे सांग,
पण नाव नको.

नाव नको, नाव नको,
जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी हेच.
एवढी बिननावाची माणसं पिशवीत घालून
मी महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी
अकराव्या मजल्यावर जाते.

इथून हंबर दिसते.
चहात बिस्किट विरघळावं तसा तिचा रंग,
आणि पलीकडचा काठ हल शहराचा नाहीच,
तरी रोज बघून आपला वाटायला लागलेला.

समोर डॉक्टर ऑल्डरसन.
माझं पुढचं वर्ष त्यांच्या सहीवर,
आणि माणूस वाईट नाही, हीच पंचाईत.
बशी ते आधी माझ्याकडे सरकवतात.
आमच्या वेळी, म्हणतात, सलग ऐंशी तास...
आणि वाक्य तिथेच सोडून देतात.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, म्हणतात.
इथे घंटा आमच्याच कमरेला,
दर दहा मिनिटांनी वाजणारी,
आणि मांजर बिस्किटं पुढे करतं.

मुद्दा क्रमांक चार, पार्किंग: पस्तीस मिनिटं.
मुद्दा क्रमांक सात, प्रशिक्षणार्थींचं म्हणणं: पाच.
मी उभी राहते.
बसूनच बोलायचं असतं, हे आठवून बसते.
काही सहकाऱ्यांना असं वाटतं की, मी सुरू करते.
वाटतं?
इद्रीसला वाटलं नव्हतं, इद्रीसला झोप लागली होती.
पण समितीत गोष्टी घडत नाहीत,
वाटतात.

दुसरं पान उलटताना काय झालं कोण जाणे.
कागदावर लिहिलं होतं, एका सहकाऱ्याने.
तोंडातून आलं, मी.
मार्चमध्ये. सलग पाचवी रात्र.
इन्सुलिन लिहिताना माझं दशांश चिन्ह
एक घर सरकलं.
मॉरीन सिस्टरने चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
लाडके, हे नक्की?
नक्की नव्हतं.

टिपणं घेणारीचं पेन थांबलं.
रेडिएटर टकटकला.
कुणीतरी घड्याळाकडे बघितलं,
आणि आपण मुद्दा क्रमांक आठकडे वळू या का,
असं अतिशय सभ्यपणे झालं.

पाच मिनिटं मिळाली होती,
मिनिट्समध्ये एक ओळ आली:
प्रतिनिधींनी चिंता व्यक्त केली. नोंद घेतली.

खाली येताना लिफ्टमध्ये ऑल्डरसन आणि मी.
दोघंही दाराकडे तोंड करून, लिफ्टमध्ये उभं राहतात तसे.
आठवा मजला गेला. सातवा.
माझं हेपरिन होतं, ते म्हणाले, दारालाच.
एकोणनव्वद साली.
मॉरीन नव्हती.
चौथ्यावर दार उघडलं,
आणि ते नेहमीच्या घाईने निघून गेले.

टेमीचा मेसेज: काय झालं?
नोंद घेतली, मी टाइप केलं.
पुसलं.
कमरेची घंटा वाजायला लागली होती,
एका हाताने ती दाबत दुसऱ्याने लिहिलं,
पाच तारखेची तुझी ड्यूटी मी करते.
जेवणात गोड काय आहे तेवढं कळव,
आणि थोडं राखून ठेव.